दहा विड्यांची वाट

निपाणीहून गडी आला तेव्हा मी तंबाखूचे शेंडे खुडत होते. "आक्का, अण्णा गेलं," एवढंच बोलून तो बांधावर टेकला. मला टेकवेना. चिकट हात पदराला पुसत तशीच वाटेला लागले... महिना होत आला, अजूनही एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, दारापर्यंत जाऊन येते.

अण्णा माझा थोरला भाऊ, निपाणीच्या शाळेत मास्तर. वडील नव्हते, माझं लग्न त्यानंच जमवलं. आमच्याकडे वाट विड्यांत मोजत. एक विडी संपेपर्यंत माणूस जिथवर पोचेल, ती एका विडीची वाट. सोयरीक आणणारे आप्पा म्हणाले, "लांब न्हाय ओ मास्तर. दहा विड्यांची वाट. पोरगी सकाळी यील, दिवसाउजेडी माघारी जाईल." आईनं तेवढ्यावरच होकार दिला. लग्नानंतर अण्णा मला पोचवायला चालत निघाला. दहा विड्या झाल्या, सगळं बंडल संपलं, तरी गाव दिसेना. आप्पा खोटं बोलले नव्हते. ते नेहमी तट्टूवरून जायचे. आम्ही हसलो खरे, पण पुढं आई गेली तेव्हा भावकीनं दहा विड्यांचाच हिशेब धरला. मी पोचले, तर आईला नेऊन मागं अंगणही सारवून झालेलं. अण्णा माझ्याकडे बघेना.

त्यानंतर त्यानं वाटेत विडी पेटवली नाही. कुणी "जवळच आहे" म्हटलं की उसळायचा, "कुणाच्या चालीनं?" कुठल्याशा मासिकात त्याला 'प्रकाशवर्ष' सापडलं, आणि चैन पडेना म्हणून तेवढंच सांगायला तो माझ्या गावी चालत आला.

"वरीस म्हंजे येळच की," मी म्हटलं.

"न्हाय गं गोदे, वाट हाय ती. उजेड वरीसभर चालला तर जिथवर पोचंल, तिथवरची. आपल्या विडीगतच. पर उजेड कधी तट्टूवर बसत न्हाय. त्याची चाल एकच."

शाळेतले एक मास्तर "शंभर प्रकाशवर्षांपूर्वी" म्हणाले, तर हा भर वर्गात शिरला. "मागल्या प्रकाशवर्षी तंबाखू बरी पिकली, असं म्हणता का तुम्ही?" मला त्याचा हा ताप कळत होता. तो ताऱ्यांसाठी नव्हता.

त्या दिवशी चालताना गुडघे बोलत होते आणि डोळ्यांपुढं ते सारवलेलं अंगण. उन्हं कलली. अण्णाचं तोंड दिसणार नाही, हे मनाला बजावत बजावतच दारात आले... अंगण माणसांनी भरलेलं. भावकीतलं कुणी कुरकुरत होतं, "कवाच उचलाय पायजे हुतं."

अण्णाचा पोरगा उठून माझ्याकडे आला. "त्यास्नी बोलू द्या, आत्या. अण्णांनी बजावून ठेवलंतं. माणूस धाडल्यापास्नं गोदीच्या चालीनं येळ धरा, म्हणून."

मी अण्णाच्या उशाशी टेकले. अंगण अजून सारवायचं होतं.