बापूंनी कुत्रं म्हटलं, मी कुत्रं लिहिलं

वडूजजवळच्या वस्तीवरून बापूंच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी सांगलीत घरी मेथी निवडत बसलो होतो. "मामंजी गेलं," ती म्हणाली. "तुमचं नाव सारखं घेत हुतं..." पहिल्यापेक्षा हे दुसरं वाक्य मला जास्त लागलं. का, ते इथं लिहून सांगायलाही सहा आठवडे लागले. तोंड उघडायला मला नेहमीच उशीर होतो.

माझं काम असं की एखाद्या जागेवर प्रकल्प यायच्या आधी तिथं काय उगवतं, काय राहतं, याची नोंद करायची. वडूजच्या त्या माळावर सौरऊर्जेचे पत्रे बसणार होते. बापू फौजेतून निवृत्त झालेले. पेन्शन असूनही हौसेनं मेंढरं राखायचे. पहिल्याच दिवशी मी दोरी टाकून चौकोन आखत होतो, तर काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "सायेब, गवत मोजताय व्हय? मोजा, लय हाय." मग चार दिवस तेच मला माळ दाखवत हिंडले. चंडोलाचं घरटं कुठं, घोरपड कुठं, सगळं दाखवलं. स्वतःच्या भाकरीतली अर्धी मला द्यायचे, आणि मी निमूट खायचो.

चौथ्या दिवशी ओढ्याच्या मऊ मातीत माग दिसला. लांबट पंजा, पावलं सरळ एका रेषेत. मी विचारलं, "बापू, हे काय?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुत्रं हाय. वस्तीवरची हिंडत्यात."

तो लांडगा होता. मला ते दिसताक्षणी कळलं होतं. पण लांडगा लिहिला की काम लांबणार, पुन्हा सर्वेक्षण, साहेबांची बोलणी. बापूंनी कुत्रं म्हटलं आणि मला सुटल्यासारखं झालं. मी कुत्रं लिहिलं.

उन्हाळ्यात जेसीबी आले. पुढं एकदा उंब्रजला जाताना मी मुद्दाम वाट वाकडी करून बापूंकडे गेलो. ते अंगणात बसून होते. म्हणाले, "सायेब, ते लांडगं हुतं. ओढ्याच्या दरडीत पिल्लं हुती. नाव निघालं तर जंगलखातं माळ बंद करंल, मेंढरं कुटं न्यायची, म्हनून खोटं बोललो. वरसाला एक मेंढरू न्यायचं, नेऊ दे म्हनायचो, त्याला बी पोट हाय... आता पिल्लं बी गेली आन् माळ बी गेला."

तेव्हा बोलायला हवं होतं. बापू, तुम्ही एकटे नाही, मीही खोटं लिहिलं, एवढंच. मी "जाऊ द्या" म्हणालो. त्यानंतर दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा, आणि ख्यालीखुशाली झाली की ते हळूच विचारायचे, "राग न्हाई ना?" मी दर वेळी नाही म्हणायचो. मोठ्या मनानं.

दहाव्याला गेलो. सोप्यात त्यांची बाज तशीच होती, पायथ्याशी घोंगडं घडी करून ठेवलेलं. बाजेवर मलाच बसवलं. चहा आला. त्यांच्या मंडळी दाराआडून म्हणाल्या, "आवं, शेवटपत्तुर त्येच घोकत हुतं, सायबाला फसवलं म्हनून. तुमी मनात ठिवू नगा."

सगळं ओठावर आलं होतं. भावकी बसली होती, चहा निवत होता. मी म्हणालो, "नाही ठेवलं, वहिनी. केव्हाच माफ केलं."

त्यांनी मला हात जोडले.