छत्रीचं टोक आणि एका सालाचं रान

पिंपळगाव बसवंतजवळ बाबांनी मागे ठेवलेली वीस एकर जमीन आहे. अक्षय्य तृतीयेच्या आधी तिचा करार करायला मी ठाण्याहून जाते आणि दरवर्षी ठरवते, पुढच्या वेळी नाही. यंदाही गेलेच.

जाणार असाल तर सकाळी सहाची एसटी धरा. मी आठची धरली, कसारा घाटात ट्रकांमागे अडकले आणि नाशिकला द्वारका चौकात तर गाडी हलेचना. शेवटी उतरून मिसळ खाल्ली, शंभर रुपये, रस्सा जळजळीत. पिंपळगावात पोचेपर्यंत चार वाजले आणि कंबर बोलायला लागली.

थांब्यावर रशीदभाई मोटारसायकल घेऊन उभे होते. आजूबाजूला सगळी द्राक्षं, हे मात्र ऐंशी एकरांवर गहू-मका करतात. निम्मी जमीन स्वतःची, निम्मी खंडाने. माझं रान बारा वर्षं त्यांच्याकडेच, पण करार दरवेळी एकाच सालाचा. भाव आला की विकायला मी मोकळी.

त्यांचं नि माझं रान शेजारीच, गहू निघून दोन्ही रिकामी पडलेली. मी छत्री उघडायला लागले.

"मिटलेलीच राहू द्या, ताई. तिचं टोक इथं दाबा."

त्यांच्या रानात टोक बोटभर आत गेलं. बांध ओलांडून माझ्या रानात दाबलं, तर वाकलं.

"माझ्यात लेंडीखतासाठी मेंढ्या बसवतो, शेणखत टाकतो. तुमच्या रानात नुसता युरिया."

मला रागच आला. "शेत तुमचंच समजा, असं सांगते ना मी दरवर्षी?"

"समजून खत पडत नाय, ताई. शेणखताचा गुण दोन-तीन सालांनी दिसतो. तवर रान माझ्याकडं असंल का?"

"आणि स्वतःच्या रानावर एवढी माया?"

"माया कसली! पुढच्या साली बी मीच पेरणार, एवढं ठाव हाय. पाच सालांचा कागद करा, नायतर यंदा सोडतो. दगडात पेरून लय दमलो."

बाबाही मेंढ्या बसवायचे. त्यांचं रान मीच कडक केलं, याची लाज वाटली. कळवते म्हटलं आणि परतीच्या गाडीत उभ्यानेच आले.

घरी कागदावर 'पाच' लिहिलं. आमचे हे म्हणाले, "मग विकायचं राहिलंच."

"राहिलं," म्हटलं. भांडायलाही अंगात त्राण नव्हतं.

सही करून फोटो पाठवला. आठवड्याने रशीदभाईंचा मेसेज आला: 'मेंढ्या आपल्या रानात बसवल्या.'

आपल्या म्हणजे नक्की कुणाच्या, ते मी विचारलं नाही.