एकदन्ताचा कोप आणि सावळे डॉक्टर

स्वस्ति श्रीमत् दन्तपंक्तिप्रतिपालक, कृमिकुलकालाग्नी, हिरडीसाम्राज्यसंस्थापक, अखिल-जठारपेठ-मुखमंडलाधीश्वर डॉ. पुंडलिकराव सावळे यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त ही शब्दसुमनांजली अर्पण करताना मी तोंड पूर्ण उघडून हसत आहे. हे मला शक्य व्हावे, यातच डॉक्टरसाहेबांचे कर्तृत्व सामावले आहे.

प्रथम परिचय माझ्या चौतिसाव्या वर्षी घडला. मी अकोल्यात, याच जठारपेठेत, पौरोहित्य करतो. गणपती म्हणून पूजिलेली सुपारी दक्षिणेसह माझ्याकडे येई. ती वाया घालवणे अधर्म, या उदात्त भावनेने मी ती अडकित्त्याने कातरून, तंबाखूची जोड देऊन, दिवसभर चघळीत असे. हिरड्यांतून रक्त येई. त्याकडे मी विरक्तीने पाहिले. अखेर वरचे पुढचे चार दात हलू लागले, आणि तेही बार्शीटाकळीच्या एका लग्नाच्या आदल्या दिवशी. पुरोहिताचे दात हे केवळ चर्वणसाधन नव्हे. समस्त दन्त्य वर्ण त्यांच्याच आश्रयाने राहतात. दात गेले की ‘सावधान’ गेले, आणि ‘सावधान’ गेले की उदरनिर्वाह गेला.

“सगळे काढा आणि कवळी बसवा,” अशी मी डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात जाऊन प्रार्थना केली. साहेबांनी माझ्या तोंडात आरसा घातला.

“गुरुजी, सकाळी ज्याले गणपती म्हणून हात जोडता, त्यालेच दुपारी चावता?”

आरसा तोंडात असल्याने मी नुसते “आ” म्हणालो.

“त्याले सोताले एकच दात हाय. तो तुमचे बत्तीस कायले ठेवीन?”

मग त्यांचा स्वर बदलला. “हाड झिजून राह्यलं. पन या वयात मी कवळी देत नाही. सुपारी सोडली त वाचतीन. सोडत नसान त दुसरा डाक्टर पाहा.”

मी मान डोलावली. त्यांनी हिरड्या साफ केल्या आणि ते चारही दात बारीक तारेने शेजाऱ्यांस जखडले. टिकतील का, असे विचारले तर त्यांनी उद्याचे लग्न कुठे आहे, एवढेच विचारून घेतले.

दुसऱ्या दिवशी अंतरपाटाशी उभा राहिलो. मंगलाष्टकाच्या मध्यावर डावीकडचा दात थरारला. माझा आवाज निम्म्यावर आला. वधूपिता माझ्याकडे रोखून पाहू लागले. तोच मंडपाच्या टोकाशी डॉक्टरसाहेब दिसले. आमंत्रण नसताना, दवाखाना बंद ठेवून ते आले होते. अवघ्या मंडपाची दृष्टी वधूवरांवर, त्यांची एकट्याची माझ्या ओठांवर. त्यांनी हातानेच खुणावले: सावकाश. मी ‘सावधान’मधल्या ‘सा’पाशी पोहोचलो, तेव्हा त्यांनीही आपले दात आवळलेले मला स्पष्ट दिसले.

अक्षता पडल्या. दात पडले नाहीत.

पंक्तीत ते माझ्या शेजारी बसले. माझ्या पानातला पापड निमूट उचलून त्यांनी स्वतः खाल्ला व म्हणाले, “तुमी भात खा.”

आजही ते जीपने दूर डोंगरातल्या धारणीला जाऊन दंतशिबिरे घेतात. हलणारा दात उपटून मागणाऱ्या तरुणांशी त्यांची शेवटची बस सुटेपर्यंत भांडतात. “दुखते म्हनून पाय कापतं का कोनी?” हे त्यांचे संपूर्ण तत्त्वज्ञान.

माझे ते चारही दात पन्नाशीनंतरही स्वस्थानी विराजमान आहेत. साहेबांना निरामय शतायुष्य लाभो, आणि शंभराव्या वाढदिवशी ऊस सोलायला त्यांना स्वतःचेच दात पुरोत.

तथापि, त्या पहिल्या भेटीत त्यांनी माझा पितळी अडकित्ता “दात पक्के झाल्यावर न्या” म्हणून टेबलाच्या खणात ठेवला. तो माझ्या सासुरवाडीचा आहे. सासूबाई दर दिवाळीला त्याची चौकशी करतात. मी मागायला गेलो की साहेब म्हणतात, “आ करा.” मी आ करतो. ते बराच वेळ आत पाहतात, खण बंदच ठेवतात, आणि पुढच्या माणसाला हाक मारतात.