टोकाची तीन टिंबं

मी अमेरिकेला शिकायला निघाले, सोलापूर स्टेशनात गाडी हलली आणि आपल्या अप्पांनी खिडकीतून हातात काय दिलं, तर चादरीच्या बिघडलेल्या नक्षीचा वीतभर तुकडा! सत्तरच्या दशकातली गोष्ट. अप्पा चादरीच्या मागाला लावायचे जकार्डचे पत्ते टोचायचे. त्या पुठ्ठ्यावर भोकं असतील तशी मागावर फुलं उमटतात. नवी नक्षी आली की आधी वीतभर नमुना विणायचा, कागदावरच्या नक्षीशी ताडायचा, नाही जुळला तर उसवायचा. हा त्यांचा पहिलाच चुकलेला, मुद्दाम ठेवलेला. "जुळलं न्हाय तर कापडावर चिडू नगं, कागद बघ," म्हणाले. मी म्हटलं, चार वर्षांत येते, माझी नक्षी दाखवायला. त्यांची नजर तेव्हाच अधू होत चालली होती.

अमेरिकेत बघते तर तिथेही पत्तेच! कॉम्प्युटरला गणित सांगायचं ते भोकं पाडून. कॉम्प्युटरमध्ये एक दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा फिरता मेळा, उभी करायची आणि दुर्बिणीतून दिसणाऱ्या खऱ्या दीर्घिकेशी ताडायची, हा माझा थीसिस. माझ्या गणितात कडेचे तारे हळू फिरत. खरे मात्र आतल्यांइतक्याच वेगात. आलेखावर टोकाची तीन टिंबं माझ्या रेषेच्या वर, लई आगाऊ. कडेला मोजमाप चुकतंच, असं म्हणून मी ती वगळली. जुळलं की! चौथं वर्ष होतं, तिकीटही काढलं.

सामान भरताना ट्रंकेच्या तळाशी तो तुकडा निघाला. अस्सा राग आला, अप्पांचा आणि माझाही. तिकीट रद्द केलं, टिंबं परत घातली, पत्ते नव्यानं टोचले. दीर्घिकेभोवती न दिसणाऱ्या द्रव्याचं भलंमोठं प्रभामंडळ गणितात धरलं, तेव्हा कुठे रेषा टिंबांवर आली. त्यात दोन वर्षं गेली.

परतले तोवर अप्पांना दिसेनासं झालं होतं. आलेखाची गुंडाळी मी उघडलीच नाही. कॉम्प्युटरचा एक पत्ता तेवढा त्यांच्या हातात दिला.

"लई बारीक भोकं हाईत की गं," बोटं फिरवत ते म्हणाले. "पयलं चुकलं व्हतं?"

"व्हय, अप्पा."

"मग उसवलंस?"

"उसवलं."

"ब्येस."

आता अप्पा नाहीत, मी इथली, अमेरिकेतलीच झाले. अपार्टमेंटच्या भिंतीवर तो तुकडा आहे. पाहुण्यांना वाटतं, हँडिक्राफ्ट. तुम्ही भावंडं फोनवर विचारता, ताई, तुझं घर आता कुठलं? सोलापूरच. अप्पांना माझी नक्षी दाखवायची राहिली, ते दुःख काही जात नाही. पण दोन वर्षं उशीर का झाला, हे त्या घरात मला सांगावं लागलं नाही.