तारीखवाल्या वकिलांचं भाषण

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वकीलसाहेबांनी ती एकतीस वर्षं रोज चढली, शेवटची दहा तर दुखऱ्या गुडघ्याने. गावात त्यांना ‘तारीखवाले’ म्हणत. समोरची बाजू भक्कम दिसली की साहेब पुढची तारीख मागत. कधी साक्षीदार आजारी, कधी एखादा कागद मिळायचा बाकी. चौथ्या तारखेपर्यंत समोरचा कंटाळून तडजोडीला यायचा आणि सामाईक भिंतीवरून भांडणारे दोघे भाऊ एकाच रिक्षाने घरी जायचे. अशा मिटवलेल्या भांडणांच्या पुण्याईवर लोकांनी त्यांना निवडून थेट राजधानीत पाठवलं.

तिथे त्यांना कुत्रंही विचारत नव्हतं. सरकारी घर पाच खोल्यांचं, वापरात एक. बाकीच्या चार खोल्यांतल्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकही त्यांनी काढलं नव्हतं, बसणार कोण? बायको गावातल्या शाळेची मुख्याध्यापिका, निवृत्तीला दोन वर्षं बाकी, म्हणून ती आली नाही. संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा. “जेवलात?” “हो.” खरं तर पातेलं अजून गॅसवरही चढलेलं नसे, पण तिला काळजी कशाला? गावात ते बाररूममध्ये शिरले की चार जण खुर्ची सोडून उठत. इथे दीड वर्ष शेजारी बसणाऱ्या सदस्याला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

मग छोट्या गावांतली कोर्टं बंद करून मोठ्या शहरात न्यायचा कायदा आला. यादीत त्यांच्या गावाचं कोर्ट होतं. म्हाताऱ्याकोताऱ्या अशिलांना आता दोन बस बदलाव्या लागणार होत्या. साहेबांना बोलायला तीन मिनिटं मिळाली. आठवडाभर ते लिहीत होते, खोडत होते. इतके दिवस खोली त्यांना खायला उठायची. त्या आठवड्यात नाही उठली.

“मला वाचून तरी दाखवा,” बायको फोनवर म्हणाली.

“टीव्हीवरच ऐक.”

त्यांचा नंबर आला तो नेमका जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. निम्म्या खुर्च्या रिकाम्या, मंत्री जांभई देत होते. साहेब उठले, चष्मा लावला, आजूबाजूला पाहिलं. आणि एकतीस वर्षांची सवय बोलून गेली.

“अध्यक्षमहोदय, सभागृह भरलेलं नाही. मला सुट्टीनंतर वेळ मिळावा.”

“वेळ उरला तर बघू,” अध्यक्ष म्हणाले.

तारीख मिळाली, म्हणून साहेब समाधानाने बसले. काय म्हणावं या माणसाला! सुट्टीनंतर मंत्र्यांनी उत्तर दिलं, मतदान झालं, कायदा मंजूर. साहेब कागद धरून उभेच होते. शेजारचा म्हणाला, “बसा हो, संपलं ते.”

एका भाषणाने कायदा थांबला नसता, हे त्यांनाही कळत होतं. पण गावाच्या वतीने कुणीतरी बोललं, एवढं तरी नोंदीत राहिलं असतं. तेवढंच हातात होतं, तेही त्यांनी सोडलं.

शनिवारी ते गावी आले. कोर्टाला कुलूप होतं. त्यांचा जुना कारकून साहेबांच्या नावाची पाटी काखेत मारून पायरीवर बसला होता.

“साहेब, त्या दिवशी सगळे टीव्हीपुढे होतो,” तो म्हणाला. “तुम्ही उठलात तेव्हा आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.”

साहेबांनी घराची वाट धरली.

घरी बायकोने पाणी दिलं. कोट काढताना खिशातून भाषणाची घडी खाली पडली. तिने ती उचलून त्यांच्यापुढे धरली.

“वाचा.”

“आता काय? बैल गेला नि झोपा केला.”

“तरी वाचा. मला ऐकायचंय.”

स्वयंपाकघरात ओट्याला टेकून साहेबांनी चष्मा लावला. सवयीने “अध्यक्षमहोदय” म्हणाले आणि वाचत गेले. दोन बस बदलणारी म्हातारी, सामाईक भिंत, एका रिक्षाने परतलेले भाऊ, सगळं त्यात होतं. इतकं चांगलं ते कोर्टातही कधी बोलले नव्हते. बायको खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“पावणेतीन मिनिटं,” ती म्हणाली. “बसलं असतं हो.”