हितूचं जनरल गाऱ्हाणं

आमच्या शेजारच्या खोलीतल्या हितेंद्र गावडेचा स्वभाव फार चांगला आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. व्यसन नाही, उलट उत्तर नाही, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर आणतो. वय चौतीस. भोईवाड्यातली आमची सगळी चाळ त्याला हितू म्हणते. परळच्या ज्या गिरणीत त्याचे चुलत आजोबा धोंडू गावडे साचे चालवायचे, तिथे आता काचेचा टॉवर आहे, आणि त्या टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर हितू एका बँकेसाठी काम करतो. काम काय, तर क्रेडिट कार्ड बंद करायला निघालेल्या गिऱ्हाइकांना फोनवर थांबवायचं. दिवसाला तीस-चाळीस अनोळखी माणसांना तो सांगतो, "सर, प्लीज असं जाऊ नका, तुम्ही आमच्यासाठी खूप महत्त्वाचे आहात." सगळ्यात जास्त माणसं थांबवली म्हणून ऑफिसात त्याचा फोटो लागलाय म्हणे.

एवढं बोलून झाल्यावर घसा बसत असावा. नाहीतर नम्रताशी तो असा का वागला, याचं दुसरं कारण मला सापडत नाही.

नम्रता प्रभादेवीची. परळच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्या म्हाताऱ्यांना उभं करते, रुसलेल्या गुडघ्यांना वाकवते. दोघांची ओळख मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपवर झाली. दोन वर्षं एकत्र फिरले, सिनेमे पाहिले, हितूला डेंग्यू झाला तेव्हा ती रोज ड्यूटी संपल्यावर पपईच्या फोडी घेऊन येत होती. एकदा मी हितूला सरळ विचारलं, "तुमचं दोघांचं नक्की आहे काय?"

"काकू, आम्ही त्याला लेबल नाही लावत."

माझ्या स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यालासुद्धा लेबल आहे. ती हळद आहे हे मला दिसतं, तरी आहे. पण मी पडले इस्पितळाच्या रेकॉर्ड खात्यातून रिटायर झालेली बाई, मला काय कळणार? मी पुढे विचारलं की ते ॲप अजून फोनवर कशाला ठेवलंयस. तर म्हणाला, "डिलीट करायचं राहिलंय." दोन वर्षं राहिलं होतं.

आमच्या वेळी सगळं गोडीगुलाबीचं होतं, असं मी अजिबात म्हणणार नाही. आमचे हे लग्नानंतरच्या तीस वर्षांत माझ्याशी जे काही बोलले ते बहुतेक मासळीच्या भावाबद्दल होतं. पण बघायला आले तेव्हा उठताना म्हणाले होते, "मला पसंत आहे, तुमचं काय ते सांगा." तेवढं एक वाक्य तरी माझ्या पदरात होतं. हल्ली मुलांच्या तोंडी शब्द किती छान आलेत. स्पेस, व्हाइब, फ्लो. हितू सगळे वापरतो. 'हो' आणि 'नाही' एवढे दोनच त्याच्या शब्दकोशातून गळाले आहेत.

मागच्या डिसेंबरात नम्रताला नाशिकच्या एका मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलं. पगार चांगला, खात्याची प्रमुख म्हणून जागा. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तिने हितूला मेसेज केला, आणि तो मला कसा ठाऊक, तर हितूने स्वतःच मला दाखवला. तिने लिहिलं होतं, "तू थांब म्हणालास तर मी थांबेन. नको म्हणालास तरी चालेल. पण काय ते सांग." याच्याहून सोपा प्रश्न मी शाळेच्या परीक्षेतही पाहिला नाही. त्यावर हितूने उत्तर पाठवलं होतं, "तुला जे योग्य वाटेल ते कर. आय विल ऑलवेज सपोर्ट यू." आणि खाली एक हृदय. तेही पांढरं.

"कसं लिहिलंय, काकू? प्रेशर नाय ना वाटत?"

"तुला ती जायला हवी आहे का?"

"नाय ना!"

"मग तसं लिही."

"असं कसं लिहू? तिला वाटेल मी तिच्या करिअरच्या आड येतोय. आणि नाय म्हणाली तर माझं काय?"

हे शेवटचं वाक्य खरं होतं. बाकी सगळी त्यावर घातलेली चादर. मला त्या क्षणी त्याची दया आली, आणि थोबाडीत द्यावीशीही वाटली.

त्या रविवारी सकाळी आमच्या राखणदार देवाचा नारळ होता. चाळीच्या मागच्या अंगाला पिंपळ आहे, त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला धोंडा आहे. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसांनी गावचा राखणदार इथे बसवून घेतला. वर्षातून एकदा त्याला नारळ देतात आणि गाऱ्हाणं घालतात. धोंडूआजा, वय सत्त्याऐंशी, हात जोडून एकेका घराची अडचण देवाला मोठ्याने सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतो. गाऱ्हाण्याचा एकच नियम आहे. नाव घेऊन, स्वच्छ मागायचं. धोंडूआजा म्हणतो, देवाला अंदाज बांधायला वेळ नसतो.

हितूच्या आईने नम्रताला मुद्दाम बोलावलं होतं. माऊलीला आशा होती. नम्रतालाही होती. नारळ, उदबत्त्यांचं ताट घेऊन आम्ही जिना उतरत होतो, तेव्हा ती हळूच मला म्हणाली, "काकू, मी उद्यापर्यंत वाट बघणार. आज सगळे आहेत, कदाचित बोलेल तो." चेहऱ्यावर असा विश्वास होता की मी ताट तिच्याच हातात दिलं.

पिंपळाखाली चाळीस-पन्नास माणसं जमली. धोंडूआजा रीतीप्रमाणे प्रत्येकाला विचारत फिरला. कुणाच्या मुलाची बारावी, कुणाचा मूतखडा, रखमाबाईंच्या नळाला पाणी. मग तो नम्रतापाशी आला.

"चेडवा, तुझा काय सांगू?"

ती थोडी लाजली. मग म्हणाली, "आजोबा, मला एक स्पष्ट उत्तर हवंय. उद्याच्या आत."

"कोणाकडसून?"

हितूकडे तिने नुसतं पाहिलं. हितू तीन पावलांवर उभा होता, मान खाली, फोनमध्ये. धोंडूआजाचे डोळे मोतीबिंदूचे आहेत, पण एवढं त्याला दिसलं. तो हितूजवळ गेला.

"हितू, तुझा काय मागू?"

"काय नाय आजोबा, सगळं चिल आहे. जनरल मागा."

"जनरल?"

"म्हणजे सगळ्यांचं भलं वगैरे."

धोंडूआजा वळला, धोंड्यासमोर उभा राहिला आणि सुरू झाला. बारावी झाली, व्हय म्हाराजा. मूतखडा झाला, व्हय म्हाराजा. नळ झाला. हितू प्रत्येक वेळी बरोबर ठेक्यात ओरडत होता. लहानपणापासूनची सवय, कान नसले तरी तोंड चालतं. अंगठा वर-खाली फिरत होता. मग आजाचा आवाज चढला.

"बा देवा राखणदारा, ही नम्रता आज तुझ्या दारात इली हा. आमच्या घरच्या झिलाक तू तोंड दिलंस, पण त्यातसून शब्द काय फुटना नाय. दोन वर्षां ह्या चेडवान वाट बगली. आता तिका थांबव नको. ती जंय कामाक जाता थंय तिचा बरा होवंदे, आणि आमच्या हितूपेक्षा चांगलो, धड बोलणारो घोव तिका मेळांदे, रे म्हाराजा."

तिला हितूपेक्षा चांगला नवरा मिळू दे, याला 'व्हय' कोण म्हणणार? हितूच्या आईने पदर तोंडाला लावला. चाळीस-पन्नास माणसं गप्प, आणि त्या शांततेत एकट्या हितूचा आवाज खणखणीत आला.

"व्हय म्हाराजा."

मान अजून खालीच होती.

नम्रता हसली. खरंच हसली, डोळे भरलेले असताना. तिने धोंडूआजाला वाकून नमस्कार केला, नारळाचा एक तुकडा घेतला, हितूच्या आईचा हात दोन्ही हातांत धरला आणि मला म्हणाली, "काकू, मिळालं उत्तर." ती गेटातून बाहेर पडली तेव्हा हितूने मान वर केली.

"काय झालं? ती का गेली?"

त्याला काय झालं ते रखमाबाईंनी शब्दाला शब्द लावून सांगितलं. त्यांना असल्या कामाचा उत्साह फार. हितूचा चेहरा पांढरा पडला. तो धोंडूआजाच्या मागे धावला, जिन्यावर त्याचा हात धरला. मी दोन पायऱ्या खाली होते, सगळं ऐकलं.

"आजोबा, ते गाऱ्हाणं परत घ्या. मी ऐकलंच नव्हतं."

"गाऱ्हाणा परत घेवक येना नाय."

"आजोबा, मला ती हवी आहे. मला तिच्याशीच लग्न करायचंय. ती गेली तर माझं काय खरं नाय." रडत होता. चौतीस वर्षांत त्याने एवढी सरळ वाक्यं ओळीने बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

धोंडूआजा कठड्याला टेकला. त्याचाही आवाज भिजला होता. "मगे ह्या माका कित्याक सांगतंस? तिका सांग. नाक्यार पोचली नसात अजून."

हितू गॅलरीत गेला. तिथून रस्ता दिसतो. नम्रता कोपऱ्यावर टॅक्सीला हात करत होती. नुसती हाक मारली असती तरी पोचली असती. हितूने फोन काढला. लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. टॅक्सी थांबली, ती आत बसली, दार लागलं. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. त्याने शेवटी पाठवलं होतं, "ऑल द बेस्ट", आणि सोबत फुलांचा एक गुच्छ.