चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा

गुरुग्रामच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी फ्रीजवर आठवड्याच्या कामांची यादी चिकटवत होते, तेवढ्यात जेवणाच्या टेबलाशी बसलेली लेक गणिताचा नियम घोकू लागली, "दशांश पाच किंवा जास्त असेल तर वरची संख्या घ्यायची." माझं डोकंच तडकलं.

हाच नियम दिल्लीतल्या शाळेत आमच्या गणिताच्या सरांनी शिकवला होता. दहावीनंतर सायन्सला पंचाहत्तर टक्के हवे होते. मला चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा मिळाले, आणि प्रवेशाच्या टेबलामागे तेच सर बसले होते. खोलीत ताज्या रंगाचा वास होता, कूलर खडखडत होता. मी म्हटलं, "सर, राउंड ऑफ करके पचहत्तर होता है. आपने ही सिखाया था."

सर हसले. "बेटा, वो किताब की बात है. लड़की हो, कॉमर्स ले लो."

शेजारी बाबा उभे होते. ते केंद्र सरकारच्या ऑफिसात आकडेवारीचे तक्ते करायचे. दशांश जवळच्या संख्येत बसवणं त्यांचं रोजचं काम. मी आशेने त्यांच्याकडे पाहिलं. ते हात जोडून म्हणाले, "बिल्कुल, सर." आणि माझं सायन्स गेलं.

फाटकाबाहेर आल्यावर ते हळूच मराठीत म्हणाले, "तुझंच बरोबर होतं गं."

तेव्हा मला त्या वाक्याने बरं वाटलं होतं, कारण सगळा राग सरांवर होता. आज मी बाबांच्या त्या वेळच्या वयाची आहे. सरांवरचा राग केव्हाच विझला. चीड येते ती त्या वाक्याची. ते त्यांनी आत, सरांसमोर, हिंदीत म्हणायला हवं होतं.